विमान जुने, यंत्रणा नवी: हवाई दलाच्या देखभाल खर्चाचे गणित

नवी दिल्ली – भारतीय हवाई दलातील मिग-२१ हे लढाऊ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाले. १९६३ मध्ये दाखल झालेल्या या विमानाने बासष्ट वर्षे सेवा केली. त्याच्या युद्धांतील कामगिरीविषयी आणि अपघातांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि एक बाब बहुधा उपेक्षितच राहिली. अखेरपर्यंत उडत राहिलेली ‘बायसन’ ही आवृत्ती म्हणजे जुन्या सांगाड्यात बसविलेली नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. १९९६ मध्ये रशियाशी झालेल्या करारानुसार १२५ मिग-२१ विमानांत नवे रशियन रडार, फ्रेंच बनावटीची लेझरवर चालणारी दिशादर्शक यंत्रणा आणि शत्रूच्या रडारची चाहूल देणारे ‘तरंग’ हे भारतीय उपकरण बसविण्यात आले. हे काम बहुतांशी नाशिकजवळील ओझर येथे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात झाले.

या सुधारणेमुळे विमानाची मारक क्षमता वाढली, हे सर्वज्ञात आहे. परंतु अशा सुधारणांचा आणखी एक हेतू असतो आणि तो दिल्लीतील संरक्षण मंत्रालयाच्या हिशेबनीसांना वैमानिकांइतकाच जवळचा वाटावा असा आहे. तो म्हणजे देखभालीचा खर्च. विमानाचा सांगाडा आणि इंजिन चांगले असतानाही केवळ आतील जुन्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांमुळे ते भुईवर बसून राहते, आणि बसून राहिलेल्या विमानावरचा खर्च मात्र थांबत नाही. ही उपकरणे बदलल्याने पैसा खरोखर वाचतो काय, वाचत असल्यास कसा, आणि कोणत्या परिस्थितीत वाचत नाही, याचा हा आढावा.

सांगाड्याचे आयुष्य आणि चिपचे आयुष्य

लढाऊ किंवा मालवाहू विमानाचा सांगाडा तीस-चाळीस वर्षे टिकावा अशा हिशेबाने बांधला जातो. मोठ्या तपासण्या वेळच्या वेळी झाल्या, तर हे आयुष्य आणखी वाढविता येते. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचे तसे नाही. बाजारातील एखादी चिप पाच-सात वर्षांत मागे पडते आणि निर्माता तिचे उत्पादन बंद करतो. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे संगणक, दूरध्वनी आणि मोटारी बनविणाऱ्या कंपन्या. वर्षाला काही शे चिप मागणाऱ्या हवाई दलासाठी तो कारखाना चालू ठेवीत नाही.

इंटेल कंपनीच्या ‘३८६’ या प्रक्रियकाचे उदाहरण बोलके आहे. घरगुती संगणकांतून तो नव्वदच्या दशकातच हद्दपार झाला होता. विमाने व अन्य उपकरणांसाठी मात्र त्याचे उत्पादन २००७ पर्यंत सुरू होते, आणि त्या वर्षी ते बंद झाले. अमेरिकेच्या एफ-२२ या अत्याधुनिक विमानाची स्थिती याहून विलक्षण होती. त्याच्या मुख्य संगणकासाठी निवडलेला प्रक्रियक विमान सेवेत येण्यापूर्वीच कालबाह्य झाला. विमानाची रचना, चाचण्या आणि मान्यता यांत दीड-दोन दशके जातात, तेवढ्या काळात चिपच्या तीन-चार पिढ्या उलटतात.

लष्करी उपकरणांची बाजारपेठेवरील ही पकड नव्वदच्या दशकात आणखी ढिली झाली. शीतयुद्ध संपल्यावर जून १९९४ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी शक्य तेथे लष्करी मानकांऐवजी व्यापारी मानके वापरण्याचा आदेश दिला. काटकसरीच्या दृष्टीने तो योग्यच होता. परंतु परिणाम असा झाला की, केवळ लष्करासाठी वेगळ्या कसोट्यांना उतरणाऱ्या चिप बनविणाऱ्या कंपन्या एकामागोमाग एक त्या व्यवसायातून बाहेर पडल्या. पुढे जुलै २००६ पासून युरोपीय संघाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशाच्या वापरावर निर्बंध आणले. लष्करी सामग्रीला त्यातून सूट होती, पण सुटे भाग पुरविणारे कारखाने सर्वांसाठी एकच माल बनवू लागले. शिसेविरहित कथलाच्या मुलाम्यावर कालांतराने केसासारखे बारीक धातूचे तंतू उगवतात आणि दोन टाक्यांमध्ये वीज चुकीच्या वाटेने वाहू शकते. विमानाच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नाही.

पेटी एक, फेऱ्या अनेक

विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकसंध नसते. ती अनेक स्वतंत्र पेट्यांत विभागलेली असते. रेडिओची एक, दिशादर्शनाची एक, रडारच्या संकेतांवर प्रक्रिया करणारी एक, पडद्यावर चित्र दाखविणारी एक, अशी ही मांडणी असते. उड्डाणानंतर वैमानिकाने बिघाड नोंदविला की, धावपट्टीलगतचे तंत्रज्ञ ती पेटी काढून दुसरी बसवितात. काढलेली पेटी तळावरील कार्यशाळेत जाते. तेथे दुरुस्ती न झाल्यास ती हवाई दलाच्या मोठ्या दुरुस्ती आगाराकडे, म्हणजे बेस रिपेअर डेपोकडे, आणि तेथेही न जमल्यास मूळ परदेशी कंपनीकडे जाते. ही आगारे देशभर विखुरलेली आहेत. कानपूरचे मालवाहू विमानांसाठी, ओझरचे लढाऊ विमानांसाठी, दिल्लीतील तुघलकाबादचे क्षेपणास्त्रांसाठी. या सर्वांचे नियंत्रण करणाऱ्या देखभाल विभागाचे, म्हणजे मेन्टेनन्स कमांडचे, मुख्यालय नागपुरात आहे.

खर्च कोठे होतो, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साठ विमानांचा ताफा आहे आणि प्रत्येक विमान वर्षाला १५० तास उडते. एकूण ९,००० तास झाले. एखादी जुनी पेटी सरासरी १०० तासांनी बिघडत असेल, तर वर्षाला ९० वेळा ती काढावी लागेल. दुरुस्तीला जाऊन परत येण्यास चार महिने लागतात असे धरले, तर कोणत्याही दिवशी ३० पेट्या वाटेत किंवा कार्यशाळेत असतील. याचा अर्थ, विमानांत बसविलेल्या साठ पेट्यांखेरीज आणखी तीस केवळ फिरत्या साठ्यासाठी हव्यात. नवी पेटी १,५०० तास टिकत असेल, तर वर्षाला सहा बिघाड होतील आणि फिरत्या साठ्यासाठी दोन पेट्या पुरतील.

बचत येथे आहे. दुरुस्तीच्या बिलापेक्षा साठा, वाहतूक, चाचणी यंत्रे, ती चालविणारे प्रशिक्षित मनुष्यबळ आणि पेटीअभावी उभी राहिलेली विमाने यांचा खर्च कितीतरी मोठा असतो. साठ्यात तीस पेट्या नसतील, तर तंत्रज्ञ काय करतात? शेजारी उभ्या असलेल्या विमानातून पेटी काढतात आणि ज्याला उडायचे आहे त्यात बसवितात. एका विमानासाठी दोन विमानांवर काम होते, काढता-घालताना जोडण्या झिजतात, आणि कधी कधी मूळची चांगली पेटीच बिघडते. जगातील प्रत्येक हवाई दलात हे घडते आणि प्रत्येक हवाई दल ते नाइलाजाने करते.

यात आणखी एक त्रासदायक प्रकार असतो. आकाशात उपकरण बंद पडते, वैमानिक तशी नोंद करतो, पेटी कार्यशाळेत जाते आणि चाचणीच्या मेजावर ती उत्तम चालते. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून ती परत येते आणि पुढच्या उड्डाणात पुन्हा दगा देते. कारण दोष पेटीत नसून कंप, उष्णता किंवा जुन्या तारांच्या जोडणीत असतो. राजस्थानातील तळावर उन्हाळ्यात उभ्या असलेल्या विमानाच्या कक्षात किती तापमान होते, याची कल्पना युरोपात बसून आरेखन करणाऱ्याला अनेकदा नसते. नव्या यंत्रणांत स्वतःचीच तपासणी करून दोषाची नोंद ठेवणारी सोय असते. या एका सोयीमुळेच व्यर्थ हेलपाटे पुष्कळ कमी होतात.

दुरुस्ती स्वस्त का राहत नाही

यावर साहजिकच प्रश्न येतो की, जुनी पेटी दुरुस्त करीत राहिले तर काय बिघडले? पहिली काही वर्षे काहीच बिघडत नाही. त्यानंतर मूळ कंपनी पत्र पाठविते की, अमुक भागाचे उत्पादन बंद होत असून शेवटची मागणी अमुक तारखेपर्यंत नोंदवावी. पुढील वीस वर्षांत किती भाग लागतील, याचा अंदाज त्याच वेळी बांधावा लागतो. कमी घेतले तर विमान उभे राहते, आणि जास्त घेतले तर कोट्यवधींचा माल गोदामात पडून राहतो. हा अंदाज नेमका बरोबर आल्याचे उदाहरण विरळाच.

साठा संपल्यावर उरतो तो दलालांचा बाजार. तेथे जुन्या संगणकांतून उकरून काढलेल्या, वरचा छाप खरवडून नवा छाप मारलेल्या चिप विकल्या जातात. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र दल समितीने मे २०१२ मध्ये सादर केलेल्या अहवालात बनावट असल्याचा संशय असलेल्या सुट्या भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदविली असून, अशा भागांची एकूण संख्या दहा लाखांहून अधिक होती. हे भाग मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टरांपर्यंत पोहोचले होते. अशा चिपची सत्यता तपासण्यासाठी क्ष-किरण यंत्रे आणि प्रयोगशाळा लागतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. किंबहुना येथे मसाल्याचा भाव दरवर्षी चढत जातो.

जॅग्वार विमानांची कथा याचीच दुसरी बाजू दाखविते. जगात हे विमान आता केवळ भारतच चालवितो. त्यामुळे २०१८ च्या सुमारास फ्रान्सकडून सेवानिवृत्त जॅग्वारचे सांगाडे सुट्या भागांसाठी आणण्याचा मार्ग पत्करावा लागला. मिराज-२००० विमानांसाठीही फ्रान्समधील जुनी विमाने अशाच हेतूने घेण्यात आली. यात कमीपणा काही नाही, उलट तो शहाणपणाचाच व्यवहार होय. परंतु सांगाड्याचा धातूचा भाग असा मिळू शकतो. त्या विमानांतील इलेक्ट्रॉनिक पेट्या आपल्याकडील पेट्यांइतक्याच म्हाताऱ्या असतात.

मेचुकाचा धडा

देखभाल खर्चाची चर्चा करताना मानवी जीविताचा उल्लेख अप्रस्तुत वाटू शकेल. तो तसा नाही. हवाई दलाच्या एएन-३२ या मालवाहू विमानांच्या सुधारणेसाठी जून २००९ मध्ये युक्रेनशी सुमारे ४० कोटी डॉलरचा करार झाला. ऐंशीच्या दशकात आलेल्या या शंभरहून अधिक विमानांपैकी ४० विमाने युक्रेनमध्ये आणि उर्वरित कानपूरच्या आगारात सुधारावयाची होती. आयुष्यवाढीबरोबरच नवे दिशादर्शन, नवे रेडिओ आणि नव्या संकटसूचक यंत्रणा त्यात अंतर्भूत होत्या. २०१४ मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्यातील संघर्ष सुरू झाला आणि सारे वेळापत्रक कोलमडले. काही विमाने युक्रेनमधून विलंबाने परतली, आणि कानपूरला यावयाच्या सामग्रीचा पुरवठा रखडला.

३ जून २०१९ रोजी आसाममधील जोरहाट येथून अरुणाचल प्रदेशातील मेचुकाकडे निघालेले एएन-३२ विमान बेपत्ता झाले. त्यात १३ जण होते. अवशेष दिसले ते ११ जून रोजी, म्हणजे आठ दिवसांनी. हे विमान सुधारणा न झालेल्यांपैकी होते आणि त्यातील संकटसूचक यंत्र जुन्या पद्धतीचे होते, असे त्या वेळच्या वृत्तांतून समोर आले. येथे एक तांत्रिक बाब लक्षात घेतली पाहिजे. अपघातग्रस्त विमानांचे संकेत उपग्रहांद्वारे टिपणारी ‘कॉस्पास-सारसॅट’ ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था असून, भारताची बंगळूर व लखनौ येथील भूस्थानके तिचा भाग आहेत. या व्यवस्थेने १ फेब्रुवारी २००९ पासून १२१.५ आणि २४३ मेगाहर्ट्झ या जुन्या वारंवारतांचे संकेत उपग्रहाद्वारे टिपणे थांबविले. तेव्हापासून केवळ ४०६ मेगाहर्ट्झवरील संकेतच ग्राह्य धरले जातात. जुने यंत्र व्यवस्थित चालत असले, तरी ऐकणारा उपग्रह उरलेला नाही.

विमानात बसलेल्यांपैकी कोणीही वाचले नाही, आणि नव्या यंत्रामुळे ते वाचले असते असे म्हणण्यास आधार नाही. परंतु घनदाट जंगलात आणि ढगाळ हवेत आठ दिवस चाललेल्या शोधात सुखोई, सी-१३० जे, नौदलाचे टेहळणी विमान, हेलिकॉप्टर आणि इस्रोचे उपग्रह गुंतले होते. कुटुंबीयांनी आठ दिवस वाट पाहिली. एका छोट्या पेटीच्या किमतीच्या तुलनेत हा भार कोणत्या रकान्यात लिहावयाचा, हे हिशेबाच्या पुस्तकात सापडत नाही.

दोन थैल्यांची अडचण

जुनी यंत्रणा बदलण्यातील खरा अडसर अनेकदा तांत्रिक नसतो. तो दिल्लीतील फायलींच्या प्रवासात आणि अर्थसंकल्पाच्या रचनेत असतो. संरक्षण खर्चाच्या दोन थैल्या आहेत. सुटे भाग, दुरुस्ती, इंधन आणि वेतन यांचा खर्च महसुली थैलीतून होतो. नवी शस्त्रे आणि विमानांच्या मोठ्या सुधारणा यांचा खर्च भांडवली थैलीतून होतो. दोन्हींचे नियमही निरनिराळे आहेत. भांडवली खरेदीसाठी २०२० ची संरक्षण संपादन कार्यपद्धती आली, तर महसुली खरेदीची नियमपुस्तिका २०२५ मध्ये नव्याने तयार झाली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून लागू झाली.

परिणाम असा होतो की, यंत्रणा बदलण्यासाठी आज भांडवली थैलीतून हजारो कोटी द्यावे लागतात, आणि त्यातून होणारी बचत पुढील पंधरा वर्षे महसुली थैलीत थोडी थोडी जमा होते. भांडवली खर्चाला मंजुरी देणाऱ्यासमोर ती बचत दिसत नाही. त्या थैलीतून नवी विमाने, नवी क्षेपणास्त्रे आणि जुन्या विमानांची डागडुजी या सर्वांना वाटा हवा असतो, आणि डागडुजीच्या बाजूने हिरिरीने बोलणारे कोणी नसते. दरम्यान जुन्या पेट्यांच्या दुरुस्तीची बिले महसुली थैलीतून निमूटपणे जात राहतात. घरातील गळका नळ बदलण्याऐवजी दर महिन्याला पाण्याचे वाढीव बिल भरत राहावे, असा हा प्रकार आहे.

विलंबाची किंमत किती असू शकते, हे एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या उदाहरणावरून दिसते. या हेलिकॉप्टरांच्या सुधारणेचा प्रस्ताव २००२ मध्ये मांडण्यात आला. ९० हेलिकॉप्टरांसाठी इस्रायली कंपनीशी करार झाला तो जानेवारी २०१७ मध्ये. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांनी सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत मांडण्यात आलेल्या अहवालात यावर कठोर ताशेरे ओढले. सुधारणा पूर्ण होईपर्यंत यांपैकी अनेक हेलिकॉप्टरांचे आयुष्य दोन वर्षांपेक्षाही कमी उरलेले असेल, असे अहवालात म्हटले होते. वरील काल्पनिक उदाहरणातील बचत दहा-पंधरा वर्षांत वसूल होणारी आहे. विमान किंवा हेलिकॉप्टर दोन वर्षांत निवृत्त होणार असेल, तर नव्या पेटीचा पैसा वसूल होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. योग्य निर्णय पंधरा वर्षे उशिरा घेतला, की तो चुकीचा ठरू शकतो.

जेथे बचत हा हेतू नव्हता

सर्वच सुधारणांना काटकसरीच्या मापाने मोजणे योग्य ठरणार नाही. जुलै २०११ मध्ये फ्रेंच कंपन्यांशी झालेल्या मिराज-२००० च्या करारावर सुमारे ११ हजार कोटी रुपये खर्च ठरला. विमाने पन्नासच्या आसपास होती. एका विमानामागे दोनशे कोटींहून अधिक हा आकडा पाहून त्या काळी टीकाही झाली. देखभालीच्या बचतीतून ही रक्कम कधीही भरून निघणार नव्हती आणि तशी अपेक्षाही नव्हती. तेथे प्रयोजन युद्धक्षमतेचे होते. मिग-२९ विमानांच्या मार्च २००८ मधील सुमारे ९६ कोटी डॉलरच्या कराराविषयीही हेच म्हणता येईल. मात्र त्यातील पहिली काही विमाने वगळता उर्वरित साठाच्या आसपास विमानांचे काम ओझरच्या आगारात हवाई दलाच्या तंत्रज्ञांनी केले. त्यामुळे पुढील दुरुस्तीचे ज्ञान देशातच राहिले. बचतीचा विचार करता ही बाब रडारच्या पल्ल्याइतकीच महत्त्वाची आहे.

अपयशाची उदाहरणेही आहेत. अमेरिकेने २००१ मध्ये सी-१३० मालवाहू विमानांच्या कॉकपिटचे आधुनिकीकरण हाती घेतले. त्यांच्या ताफ्यात एकाच विमानाच्या अनेक आवृत्त्या होत्या आणि प्रत्येकीची उपकरणे निराळी होती. सर्वांत एकच यंत्रणा बसविली, तर सुटे भाग आणि प्रशिक्षण यांवरील खर्च घटेल, शिवाय दिशादर्शकाचे स्वतंत्र पदही कमी करता येईल, असा हिशेब होता. हिशेब तर्कशुद्ध होता. पण वेगवेगळ्या आवृत्त्यांतील तारा आणि जोडण्या अपेक्षेपेक्षा फारच निरनिराळ्या निघाल्या, खर्च वाढत गेला, विमानांची संख्या ५१९ वरून २२२ वर आणण्यात आली आणि अखेर २०१२ मध्ये ही योजना गुंडाळण्याचा प्रस्ताव आला. संख्या घटली की आरेखन आणि चाचण्यांचा स्थिर खर्च उरलेल्या विमानांवर पडतो आणि प्रत्येक विमानाची किंमत आणखी वाढते. या दुष्टचक्रातून बाहेर पडलेली योजना क्वचितच आढळते.

संक्रमणाचा काळही खर्चाचा असतो, याकडे सहसा दुर्लक्ष होते. निम्मा ताफा सुधारलेला आणि निम्मा जुना असेल, तर दोन्ही प्रकारचे सुटे भाग, दोन्ही चाचणी यंत्रे आणि दोन्ही प्रकारचे प्रशिक्षण चालू ठेवावे लागते. म्हणजे काही वर्षे खर्च कमी होण्याऐवजी वाढतो. काम रेंगाळले तर हा दुहेरी भार रेंगाळतो.

जॅग्वारच्या बाबतीत आणखी एक मर्यादा स्पष्ट झाली. ऐंशीच्या दशकात या विमानातील मूळ ब्रिटिश दिशादर्शक यंत्रणेच्या जागी भारतात जुळणी केलेली ‘डॅरिन’ ही यंत्रणा आली. ‘डॅरिन-२’ मध्ये फिरत्या चाकाच्या गायरोऐवजी लेझर गायरो आणि उपग्रह दिशादर्शन यांची जोड आली. फिरणारे चाक आणि त्याचे बेअरिंग झिजते, लेझर गायरोत मात्र फिरणारा भागच नसल्याने तो कितीतरी अधिक काळ टिकतो. नव्या रडारसह ‘डॅरिन-३’ चे पहिले उड्डाण नोव्हेंबर २०१२ मध्ये बंगळूर येथे झाले. इलेक्ट्रॉनिक्सच्या तीन पिढ्या बदलल्या, परंतु कमी ताकदीच्या इंजिनाचा प्रश्न तसाच राहिला. नवे अमेरिकी इंजिन बसविण्याची योजना अवाढव्य खर्चामुळे २०१९ मध्ये सोडून देण्यात आली. इंजिन थकलेले असताना मेंदू कितीही तल्लख केला, तरी विमानाच्या एकूण देखभालीचा भार काही प्रमाणातच हलका होतो.

हिंडनवरील दुसरा मार्ग

राजधानीलगतच्या गाझियाबाद येथील हिंडन तळावर याच प्रश्नाची दोन निराळी उत्तरे पाहावयास मिळतात. येथे २०१३ पासून सी-१७ ही महाकाय मालवाहू विमाने आहेत. त्यांच्या देखभालीसाठी निर्मात्या बोइंग कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार असून, सुटे भाग आणि तांत्रिक साहाय्य पुरविण्याची जबाबदारी कंपनीची आहे. चिप कालबाह्य झाली तर पर्याय शोधण्याची चिंताही प्रामुख्याने तिचीच. ही सेवा स्वस्त नाही, पण विमाने उडण्याच्या स्थितीत राहतात.

याच तळावर सप्टेंबर २०२३ मध्ये सी-२९५ हे विमान हवाई दलात औपचारिकरीत्या दाखल झाले. साठच्या दशकापासून सेवेत असलेल्या अ‍ॅव्रो विमानांची जागा ते घेणार आहे. ५६ विमानांचा हा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला आणि त्यांपैकी ४० विमानांची बांधणी वडोदरा येथे ठरली. अ‍ॅव्रोमध्ये नवी उपकरणे बसवीत राहण्यापेक्षा विमानच बदलणे किफायतशीर, असा हा निर्णय होता आणि तो रास्त होता. सांगाडाच थकला असेल, तर त्यात नवा संगणक बसविण्यात अर्थ नसतो. निवडीचा प्रश्न निर्माण होतो तो मधल्या वयाच्या विमानांबाबत, आणि त्यात सर्वांत मोठा ताफा सुखोई-३० एमकेआयचा आहे.

सुखोईपुढील प्रश्न

पुण्याच्या लोहगाव तळावर सप्टेंबर २००२ मध्ये दाखल झालेली ही विमाने तेव्हा अत्याधुनिक होती. रशियन रडार, फ्रेंच व इस्रायली पडदे आणि बंगळूर येथील ‘डेअर’ या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेले संगणक, असे त्यांचे मिश्र स्वरूप होते. ताफा पुढे २७२ पर्यंत वाढला आणि यांपैकी बहुतांश विमानांची बांधणी ओझर येथे झाली. परंतु २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सांगितल्याप्रमाणे जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक विमानेच एका वेळी उड्डाणास उपलब्ध असत. सुटे भाग वेळेवर न मिळणे हे त्यामागील एक मोठे कारण होते. त्याच सुमारास उड्डाणात मुख्य संगणक बंद पडून समोरचे पडदे कोरे होण्याच्या घटनांबाबत ओझरच्या कारखान्याने रशियन कंपनीशी केलेला पत्रव्यवहारही प्रसिद्ध झाला होता.

या विमानांच्या संगणकात वापरलेल्या चिपची पिढी नव्वदच्या दशकातील आहे. म्हणजेच वर वर्णन केलेले चक्र त्यांच्याबाबत सुरू झाले आहे. संरक्षण मंत्रालयाच्या संपादन परिषदेने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुखोईंची सुधारणा देशातच, हिंदुस्थान एरोनॉटिक्समार्फत करण्यास प्राथमिक मान्यता दिली. पहिल्या टप्प्यात ८४ विमाने असतील आणि त्यांत भारतीय रडार, नवे संगणक व नवे पडदे बसविले जातील, असे सांगण्यात आले.

देखभालीच्या दृष्टीने या योजनेत रडारच्या पल्ल्यापेक्षा दोन गोष्टींकडे पाहावे लागेल. पहिली म्हणजे आज्ञावलीची मालकी. संगणकाची पेटी आणि त्यात चालणारी आज्ञावली एकमेकांपासून अलग ठेवलेली असेल, तर दहा वर्षांनी चिप बदलली तरी आज्ञावली जवळपास तशीच नव्या पेटीत चालविता येते. तसे नसेल, तर प्रत्येक वेळी सारे पुन्हा लिहून पुन्हा चाचण्या घ्याव्या लागतात आणि विमानाच्या आज्ञावलीची चाचणी हा पेटीहून महाग मामला असतो. परदेशी कंपनीकडे आज्ञावली असताना नवे क्षेपणास्त्र जोडण्यासाठीही तिचीच परवानगी आणि तिचीच किंमत मोजावी लागते, हा अनुभव हवाई दलाने वारंवार घेतला आहे. मिग-२७ च्या सुधारणेत ‘डेअर’ने दिलेल्या भारतीय संगणकामुळे ही अडचण टळली होती. ती विमाने डिसेंबर २०१९ मध्ये जोधपूर येथे निवृत्त झाली, पण त्यांतून मिळालेला अनुभव वाया गेला नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. ८४ विमानांचे काम कोणत्या वर्षी संपेल आणि त्या वर्षी प्रत्येक विमानाचे किती आयुष्य शिल्लक असेल, हा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असावयास हवा. ओझरच्या आगारात २०१८ मध्ये हवाई दलाने स्वबळावर पहिल्या सुखोईची संपूर्ण तपासणी व दुरुस्ती करून ते विमान पुन्हा सेवेत पाठविले. अशा मोठ्या तपासणीसाठी विमान उघडले जाते, पत्रे काढले जातात, तारा तपासल्या जातात. नव्या पेट्या आणि नव्या तारा बसविण्यासाठी विमान पुन्हा उघडावे लागू नये म्हणून ही दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच छताखाली करण्याची सोय ओझरला आहे. कारखाना आणि आगार एकाच धावपट्टीवर, एकमेकांपासून काही किलोमीटरच्या अंतरात आहेत.